ऐकून वाचणाऱ्यांसाठी संकेतस्थळाची चाचणी
ब्राउझर आणि स्क्रीन रीडर यांच्या जोड्या कशा निवडाव्यात?

शासनाचे कामकाज आज मोठ्या प्रमाणावर संकेतस्थळांवर आले आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू झाल्यापासून अनेक दाखल्यांसाठी घरबसल्या अर्ज करण्याची सोय झाली. सात-बाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, निवृत्तिवेतनाची माहिती, शासन निर्णय या सर्व गोष्टी पडद्यावर पाहता येतात. परंतु 'पाहता येतात' या शब्दांतच एक गृहीत दडलेले आहे. ज्या नागरिकाला दिसत नाही, त्याने या सोयींचा लाभ कसा घ्यावयाचा?

सन २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे ५० लक्ष व्यक्तींना दृष्टिदोष होता. महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या २९ लक्षांहून अधिक नोंदली गेली. दृष्टिहीन व्यक्ती संगणक व भ्रमणध्वनी वापरतात, शिकतात, नोकरी करतात. त्यांच्यासाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारा जो संगणकीय कार्यक्रम असतो, त्याला 'स्क्रीन रीडर' असे म्हणतात. संकेतस्थळ या कार्यक्रमाला नीट वाचता आले तरच ते अशा नागरिकांसाठी खुले आहे असे म्हणता येईल. ते वाचता येते किंवा नाही, हे तपासण्याची पद्धत कोणती आणि त्यासाठी कोणती साधने निवडावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न केवळ सोयीचा नाही

अर्जाचा नमुना स्क्रीन रीडरला वाचता आला नाही तर दृष्टिहीन नागरिकाला दुसऱ्याकडे जावे लागते. सेवा केंद्रातील चालक, शेजारी किंवा एखादा नातेवाईक यांना आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी सांगावा लागतो. जो व्यवहार डोळस नागरिक एकांतात करतो, तोच व्यवहार दृष्टिहीन नागरिकाला चारचौघांत करावा लागतो. त्यात फसवणुकीची शक्यता आहेच. शिवाय स्वावलंबी माणसाला परावलंबी केले जाते, ही त्याहून मोठी हानी होय. अर्जाची मुदत मध्यरात्री संपत असेल आणि मदतनीस सकाळी भेटणार असेल, तर हक्काचा लाभही हातचा जातो.

कायद्याची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ अन्वये ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य स्वरूपात उपलब्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी शासनावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली असून ती 'डब्ल्यूसीएजी २.१' या आंतरराष्ट्रीय प्रमाणातील 'एए' पातळीवर आधारलेली आहे.

ब्राउझर व स्क्रीन रीडर यांचे नाते

चाचणीसाठी केवळ स्क्रीन रीडर निवडून भागत नाही. तो कोणत्या ब्राउझरबरोबर वापरला जातो हेही तितकेच महत्त्वाचे असते. याचे कारण समजण्यासाठी त्यांच्या कामाची वाटणी पाहिली पाहिजे.

संकेतस्थळाचे पान ब्राउझरकडे संकेतलिपीच्या स्वरूपात येते. ब्राउझर त्यापासून दोन गोष्टी तयार करतो. एक म्हणजे पडद्यावर दिसणारे पान. दुसरी म्हणजे पानातील प्रत्येक घटकाची एक नोंदवही : हे शीर्षक आहे, हे बटण आहे, ही लिहिण्याची चौकट आहे, तिचे नाव 'अर्जदाराचे आडनाव' आहे, ती भरणे अनिवार्य आहे. ही नोंदवही ब्राउझर संगणकाच्या कार्यप्रणालीमार्फत स्क्रीन रीडरच्या स्वाधीन करतो आणि स्क्रीन रीडर ती वाचून आवाजात किंवा ब्रेल पट्टीवर सादर करतो.

म्हणजेच या साखळीत चार कड्या आहेत : संकेतस्थळाची रचना, ब्राउझर, कार्यप्रणाली आणि स्क्रीन रीडर. यांपैकी एक कडी बदलली तरी परिणाम बदलू शकतो. उदाहरणार्थ, जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी बदलते आणि 'तालुक्यांची यादी अद्ययावत झाली' अशी सूचना पडद्यावर उमटते. ती सूचना एका जोडीत ताबडतोब ऐकू येईल, दुसरीत उशिरा येईल, तर तिसरीत मुळीच येणार नाही. डोळस कर्मचाऱ्याला तिन्ही ठिकाणी पान सारखेच दिसते. म्हणून केवळ पाहून केलेल्या तपासणीवर विसंबता येत नाही.

प्रमुख साधनांची ओळख

विंडोज प्रणालीवर दोन स्क्रीन रीडर विशेष प्रचलित आहेत. पहिला 'जॉज'. अमेरिकेतील टेड हेंटर यांच्या संस्थेने १९८९ मध्ये तो डॉस प्रणालीसाठी आणला. तो विकत घ्यावा लागतो; परवान्याशिवाय तो ४० मिनिटे चालतो व नंतर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. कार्यालयीन चाचणीसाठी या मुभेवर विसंबू नये. परवान्याच्या अटी वाचून योग्य तो परवाना घ्यावा.

दुसरा 'एनव्हीडीए'. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली आणि जेम्स तेह हे त्याचे दृष्टिहीन सहकारी त्यात सहभागी झाले. तो विनामूल्य व मुक्तस्रोत आहे. त्याच्यासोबत येणाऱ्या 'ईस्पीक' या वाचायंत्रणेत मराठीचा समावेश आहे. आवाज काहीसा यांत्रिक असला तरी मराठी मजकूर पडताळण्यास तो पुरेसा होतो. याखेरीज विंडोजमध्ये 'नॅरेटर' हा स्क्रीन रीडर मुळातच असतो.

ॲपलच्या संगणकांत २००५ पासून आणि आयफोनमध्ये २००९ पासून 'व्हॉइसओव्हर' अंतर्भूत आहे. अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर 'टॉकबॅक' असतो. त्याला गुगलच्या वाचायंत्रणेतील मराठी आवाज जोडता येतो. लिनक्स प्रणालीवर 'ओर्का' वापरला जातो.

ब्राउझर अनेक दिसले तरी त्यांच्या मुळाशी असणारी यंत्रे मोजकीच आहेत. क्रोम आणि जानेवारी २०२० नंतरचा एज हे एकाच घराण्यातील आहेत. फायरफॉक्सचे यंत्र वेगळे आणि सफारीचे वेगळे. आयफोनवर भारतात कोणताही ब्राउझर घेतला तरी त्याच्या आत सफारीचेच यंत्र काम करते. त्यामुळे आयफोनवर क्रोममध्ये वेगळी चाचणी करून फारसे नवे हाती लागत नाही. इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राउझरचा आधार मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये काढून घेतला. जुन्या निविदांच्या नमुन्यात त्याचे नाव अद्याप राहिले असल्यास ते वगळावे.

निवडीची चार सूत्रे

सर्व स्क्रीन रीडर व सर्व ब्राउझर यांच्या जोड्या मांडल्या तर त्यांची संख्या सहज वीस-पंचवीसच्या घरात जाते. प्रत्येक पान प्रत्येक जोडीत तपासणे कोणत्याही कार्यालयाला शक्य नाही व त्याची गरजही नाही. निवड करताना पुढील सूत्रे उपयोगी पडतात.

(१) लोक काय वापरतात ते पाहावे. अमेरिकेतील 'वेबएम' ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी वेळोवेळी करते. डिसेंबर २०२३ व जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या दहाव्या पाहणीत १,५३९ व्यक्तींनी भाग घेतला. मुख्य स्क्रीन रीडर म्हणून सुमारे ४० टक्के व्यक्तींनी जॉज, ३८ टक्क्यांच्या आसपास व्यक्तींनी एनव्हीडीए, तर सुमारे १० टक्के व्यक्तींनी व्हॉइसओव्हर यांचे नाव सांगितले. दहांतील नऊ जण भ्रमणध्वनीवरही स्क्रीन रीडर वापरत होते. मात्र या पाहणीत उत्तर अमेरिका व युरोप येथील उत्तरे अधिक असतात. त्यामुळे तिचे आकडे जसेच्या तसे आपल्या जिल्ह्याला लावू नयेत. जेथे विकतचे साधन परवडत नाही, तेथे विनामूल्य साधनाचे आणि अँड्रॉइड भ्रमणध्वनीचे महत्त्व स्वाभाविकच वाढते.

(२) जी जोडी एकमेकांशी जुळलेली आहे तीच घ्यावी. व्हॉइसओव्हर सफारीबरोबर, टॉकबॅक क्रोमबरोबर, नॅरेटर एजबरोबर उत्तम चालतो. मॅक संगणकावर व्हॉइसओव्हर व फायरफॉक्स अशी फारशी कोणी न वापरणारी जोडी घेऊन सापडलेल्या दोषांमागे वेळ दवडणे योग्य नव्हे.

(३) यंत्रांची विविधता राखावी. क्रोम व एज यांची मुळे एक असल्याने दोहोंत तपासणी करण्यापेक्षा एक चाचणी क्रोममध्ये व दुसरी फायरफॉक्स किंवा सफारीमध्ये केल्यास अधिक दोष उघड होतात.

(४) उदार साधनाबरोबर काटेकोर साधनही ठेवावे. चौकटीला योग्य नाव जोडलेले नसेल तर जॉज आजूबाजूच्या मजकुरावरून ते पुष्कळदा अंदाजाने सांगतो. वापरणाऱ्याला ही मदतच असते. परंतु चाचणी करणाऱ्याची त्यामुळे दिशाभूल होऊ शकते. एनव्हीडीए त्या मानाने रचनेत जे लिहिले आहे तेवढेच सांगतो. म्हणून केवळ जॉजवर उत्तीर्ण झालेले पान निर्दोष समजू नये.

कार्यालयासाठी व्यवहार्य संच

या सूत्रांचा मेळ घातला असता राज्यातील कार्यालयांसाठी पुढील क्रम सुचविता येईल.

पहिली जोडी : विंडोज संगणकावर एनव्हीडीए व क्रोम. तिला खर्च नाही आणि ती कोणत्याही तालुका कार्यालयात किंवा शाळेच्या संगणक कक्षात उभी करता येते.

दुसरी जोडी : अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर टॉकबॅक व क्रोम. ग्रामीण भागातील वापर लक्षात घेता ही जोडी कधीही वगळू नये. संगणकावर सुरळीत चालणारा अर्ज लहान पडद्यावर अडखळतो, असा अनुभव वारंवार येतो.

तिसरी जोडी : विंडोज संगणकावर जॉज व क्रोम किंवा एज. नोकरदार व उच्च शिक्षण घेणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींमध्ये जॉजचा वापर आढळतो. प्रत्येक कार्यालयाने परवाना घेण्याऐवजी विभागीय किंवा जिल्हा पातळीवर एक चाचणी संगणक ठेवणे काटकसरीचे ठरेल.

चौथी जोडी : आयफोनवर व्हॉइसओव्हर व सफारी. यामुळे सफारीच्या यंत्राचीही तपासणी होते.

पहिल्या दोन जोड्यांवर प्रत्येक नवे पान तपासावे. तिसऱ्या व चौथ्या जोडीवर अर्ज भरणे, शुल्क भरणे, दाखला उतरवून घेणे यांसारखे महत्त्वाचे टप्पे तपासावेत. वेळ उरल्यास एनव्हीडीए व फायरफॉक्स ही जोडी घ्यावी. ब्रिटनच्या शासकीय सेवांसाठीच्या मार्गदर्शिकेतही जॉज, एनव्हीडीए, व्हॉइसओव्हर व टॉकबॅक याच साधनांवर भर दिलेला आढळतो.

मराठी संकेतस्थळांचे वेगळे प्रश्न

इंग्रजी संकेतस्थळांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत न सापडणारे काही दोष मराठी पानांत आढळतात. त्यांतील पहिला दोष जुन्या टंकांचा. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर अशा टंकांत लिहिला जाई की, पडद्यावर देवनागरी अक्षरे दिसत. पण आत साठविलेली अक्षरे रोमन असत. डोळ्यांना तो मजकूर शुद्ध मराठी वाटतो. स्क्रीन रीडर मात्र निरर्थक इंग्रजी अक्षरे वाचत सुटतो. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याखेरीज कोणत्याही जोडीत तो वाचता येणार नाही.

दुसरा दोष भाषेच्या निर्देशाचा. पानाच्या रचनेत 'हे पान मराठीत आहे' असा संकेत द्यावा लागतो. तो नसल्यास किंवा इंग्रजीचा दिला गेल्यास स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचू पाहतो. त्या वेळी काही आवाज शब्द गाळतात, तर काही विचित्र उच्चार करतात. मराठी पानात मध्येच इंग्रजी परिच्छेद असल्यास त्याचा स्वतंत्र निर्देश करावा.

तिसरा दोष छायाप्रतींचा. सही-शिक्क्यासह स्कॅन करून चढविलेला शासन निर्णय हे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने एक कोरे चित्र असते. मूळ टंकलिखित मजकुराची प्रत त्यासोबत दिल्यास ही अडचण दूर होते आणि डोळस वाचकालाही शोध घेणे सोपे जाते.

चाचणी प्रत्यक्ष कशी करावी?

चाचणीचा आरंभ स्क्रीन रीडरने करू नये. प्रथम माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने संपूर्ण अर्ज भरता येतो काय ते पाहावे. टॅब कळ दाबत गेल्यावर एखादे बटण हाती लागत नसेल तर ते स्क्रीन रीडरलाही बहुधा लागणार नाही. स्वयंचलित तपासणी साधनेही चालवून घ्यावीत; मात्र ती दोषांचा काही भागच शोधतात. चित्राला वर्णन जोडले आहे की नाही हे यंत्र सांगू शकते. ते वर्णन खरे आहे की नाही हे माणसानेच ऐकून ठरवावे लागते.

त्यानंतर स्क्रीन रीडर सुरू करून पडदा बंद करावा किंवा झाकावा. एनव्हीडीएमध्ये एच कळ दाबत गेल्यास पानातील शीर्षके एकामागून एक ऐकू येतात; त्यावरून पानाची मांडणी समजते काय ते पाहावे. मग एक पूर्ण काम हाती घ्यावे. उदाहरणार्थ, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज. त्यात पुढील गोष्टी ऐकून नोंदवाव्यात : प्रत्येक चौकटीचे नाव ऐकू येते काय? अनिवार्य चौकट कोणती ते कळते काय? जिल्हा निवडल्यावर तालुका व गाव यांच्या यादीपर्यंत जाता येते, की फोकस पुन्हा पानाच्या माथ्यावर फेकला जातो? दिनदर्शिकेतून जन्मतारीख निवडता येत नसेल तर ती टंकित करण्याची सोय आहे काय? चूक झाल्यास कोणत्या चौकटीत चूक झाली हे सांगितले जाते, की नुसती चौकट लाल होते? मुदत संपण्यापूर्वी सूचना मिळते काय?

चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा, अशी अट असणारी पाने हा विशेष अडथळा आहे. त्याला पर्याय दिलेला नसेल तर जोडी कोणतीही असो, दृष्टिहीन अर्जदाराचा प्रवास तेथेच थांबतो. आवाजाचा किंवा ओटीपीचा पर्याय देणे आवश्यक ठरते.

आढळलेल्या प्रत्येक दोषाची नोंद करताना पान, कृती, अपेक्षित वाचन, प्रत्यक्ष वाचन आणि जोडी लिहावी; ब्राउझर व स्क्रीन रीडर यांची आवृत्तीही लिहावी. 'स्क्रीन रीडरवर चालत नाही' एवढ्या शेऱ्यावरून विकासकाला काहीच दुरुस्त करता येत नाही.

दोन जोड्यांत भेद आढळल्यास

एका जोडीत पान नीट वाचले जाते व दुसऱ्या जोडीत नाही, अशा वेळी दोष कोणाचा, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रथम पानाची रचना प्रमाणाप्रमाणे आहे काय ते पाहावे. बहुतेक वेळा दोष तेथेच असतो; केवळ उदार साधनाने तो झाकलेला असतो. रचना निर्दोष असल्यास दोष ब्राउझर किंवा स्क्रीन रीडर यांच्यात असू शकतो. तो त्यांच्या निर्मात्यांना कळवावा आणि तोवर त्याच कामासाठी अधिक साधा घटक वापरावा. शोभिवंत निवडयादीऐवजी साधी निवडयादी, चित्ररूप बटणाऐवजी खरे बटण वापरले की अनेक जोड्यांतील भेद आपोआप नाहीसे होतात. एखाद्या विशिष्ट जोडीपुरती युक्ती करून पान चालते करणे मात्र टाळावे. पुढच्या आवृत्तीत ती युक्ती उलटण्याचा संभव असतो.

कोणी काय करावे?

विभागप्रमुखांनी संकेतस्थळाच्या निविदेतच चाचणीच्या जोड्यांचा स्पष्ट उल्लेख करावा आणि त्यांवरील चाचणीचा अहवाल मिळाल्यावरच अंतिम देयक मंजूर करावे. 'संकेतस्थळ सुगम्य असावे' एवढे मोघम वाक्य पुरेसे नाही. प्रत्येक मोठ्या बदलानंतर चाचणी पुन्हा घेण्याची तरतूदही करारात असावी.

शिक्षकांना शाळेच्या संगणकावर एनव्हीडीए विनामूल्य बसविता येईल. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीचा अर्ज डोळे मिटून भरावयास सांगितल्यास सुगम्यता म्हणजे काय हे एका तासात समजते. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील दृष्टिहीन व्यक्तींना सेवा केंद्रावरील अर्ज स्वतः भरता येतो काय याची विचारपूस करावी व अडचणी तालुका पातळीवर लेखी कळवाव्यात.

शेवटी हेही ध्यानात घेतले पाहिजे की, डोळस कर्मचाऱ्याने केलेली चाचणी ही पूर्वतयारी होय. स्क्रीन रीडर रोज वापरणारी व्यक्ती तो कितीतरी अधिक वेगाने व वेगळ्या पद्धतीने चालविते. म्हणून अंतिम चाचणीत अशा व्यक्तींना योग्य मानधन देऊन सहभागी करून घ्यावे. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' सारख्या संस्थांशी त्यासाठी संपर्क साधता येईल. जोडी कोणतीही निवडली तरी अखेरची कसोटी एकच राहते : दृष्टिहीन नागरिकाने आपला अर्ज आपल्याच हाताने, कोणाला ओटीपी न सांगता, मुदतीच्या आत भरला काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तरच ते संकेतस्थळ सर्वांसाठी खुले आहे असे म्हणता येईल.